झोळ्यांची शाळा

कुंभार पिंपळगावात मुलींची शाळा उघडली त्या दिवशी अकरा मुली आल्या आणि सात लेकरं आली. मुली शिकायला आल्या होत्या आणि लेकरं त्यांच्या कडेवर बसून आली होती. तुळजाबाईंनी हजेरीवहीत अकरा नावं लिहिली आणि स्वयंपाकघरात शिरलेल्या कोंबड्यांकडे बघावं तसं त्या सात लेकरांकडे बघितलं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे पंचेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीस-छत्तीस सालची. गावात मुलांची शाळा होती, पण मुलींसाठी वेगळी शाळा आणि वर बाईमाणूस शिकवायला, हा प्रकार पंचक्रोशीत नवा होता. कारभारी पाटलांनी अर्जामागून अर्ज करून शाळा मंजूर करून आणली आणि तिला स्वतःचा कडब्याचा कोठा दिला. कोठा सारवून झाला तरी महिनाभर पोरींच्या केसांत कडब्याची कुसळं निघायची.

तुळजाबाई जालन्याच्या. नवरा रुईच्या पेढीवर कारकून होता, तो प्लेगच्या साथीत गेला. पदरात मूल नव्हतं. सात वर्षं त्यांनी दिराच्या घरी चूल फुंकली. त्या घरात कुणी वाईट बोलत नव्हतं. खरं सांगायचं तर कुणी बोलतच नव्हतं. सहा इयत्ता झालेल्या असल्यामुळं उस्तानीची, म्हणजे शिक्षिकेची, नेमणूक मिळाली, तेव्हा त्या एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन बैलगाडीतून पिंपळगावला आल्या. गाडीवानानं वाटेत विचारलं, "बाई, कुनाकडं चालल्या?" त्या म्हणाल्या, "माझ्या शाळेत." 'माझ्या' हा शब्द तोंडातून निघाला आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

तर अशा बाईंच्या शाळेत लेकरं. बाई स्वतः शिकल्या त्या जालन्याच्या शाळेत टाचणी पडली तर ऐकू यायची. मुली ओळीत बसायच्या, ओळीत उठायच्या. इथं एकानं भोकाड पसरलं की उरलेली सहा सूर धरायची. एक रांगत जाऊन दुसरीच्या पाटीवर मुतायचं. बाईंनी डोळे वटारले की चतुरा म्हणायची, "बाई, म्या काय करू? माय रानात गेल्ती तवाच ह्याला माझ्या कडंवर दिलं." चतुरा कुंभाराची, नऊ वर्षांची, आणि वर्गात सगळ्यात तल्लख. तिला घरी पाठवावं तर वर्गात उरणार कोण?

दोन महिने बाईंनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी बसण्याच्या ओळी मोडल्या. आता कोणती मुलगी कुठं बसणार, हे तिच्या इयत्तेवर न ठरता तिच्या कडेवरचं लेकरू काय करतं त्यावर ठरायला लागलं. ज्यांची लेकरं रांगणारी त्या आतल्या भिंतीकडं, म्हणजे दारातून निसटायला नको. ज्यांची नुसती झोपणारी त्या कोपऱ्यात. ज्यांना दात येत होते ती सगळी खिडकीशी, तिथं रडलं तर आवाज बाहेर जातो. त्यामुळं पहिलीतली पोरगी चौथीतलीच्या शेजारी आली आणि मोठी धाकटीला आपसूक अक्षरं दाखवायला लागली. बाईंच्या हे लक्षात यायला आठवडा लागला. लक्षात आल्यावर मात्र त्यांनी ओळी पुन्हा लावल्या नाहीत.

मग कोठ्याच्या तुळयांना तीन झोळ्या बांधल्या. लुगडी घराघरातून आली, आणि खैरुनच्या बापानं, ख्वाजामियाँ पिंजाऱ्यानं, खाली टाकायला पिंजलेला कापूस दिला. झोळीच्या दोरीपाशी पाळीनं एकेक मुलगी बसायची आणि झोके देता देता पाढा म्हणायची. यातून एक गंमत झाली. पाढा नीट चालला की झोका नीट चालायचा. तेरा सत्ते आलं की पोरगी अडायची, तिच्याबरोबर हातातली दोरी अडायची आणि लेकरू जागं होऊन किंचाळायचं. चूक पकडायला बाईंनी तिथं उभं राहायची गरज उरली नाही. लेकरू झोपलेलं राहावं म्हणून पोरी घरी जाताना, पाणी भरताना तेराचा पाढा घोकायला लागल्या. छडीनं जे झालं नसतं ते झोळीनं केलं.

मोजायला आधी चिंचोके होते. एकदा एका लेकरानं चिंचोका नाकात घातला आणि तो काढेपर्यंत अख्ख्या शाळेचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी चतुराच्या बापानं आव्यात भांड्यांबरोबर मातीचे लिंबाएवढे गोळे भाजून दिले. ते नाकात जाईनात, तोंडात मावेनात, आणि बेरीज-वजाबाकीला झकास. धूळपाटीवर पोरी बोटानं अक्षरं काढायच्या आणि लेकरं हात फिरवून ती पुसायची. आधी पोरी रडकुंडीला यायच्या. बाई म्हणाल्या, "पुसलं तर पुन्हा काढ. तुझा भाऊ दहा वेळा पुसेल, तू अकरा वेळा काढ." त्या पोरींचं अक्षर सहा महिन्यांत असं वळलं की पाटील आपल्या मुलाच्या अक्षराशी ताडून बघायचे आणि गप्प बसायचे.

हे सगळं बाईंनी स्वतःच्या डोक्यानं केलं होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. उघडच सांगायला हवं. शाळा म्हणजे जालन्याची ती ओळींची शाळा, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. कोठ्यात जे चाललं होतं ती त्यांच्या लेखी वेळ मारून नेण्यासाठी केलेली जुळवाजुळव होती, आणि परक्या माणसानं ती बघू नये असं त्यांना वाटायचं. दारावरून कुणी पाहुणा चालला की त्या झोळीवर पदर टाकल्यासारख्या मधे उभ्या राहायच्या.

मार्गशीर्षात कागद आला. मुलींच्या शाळा तपासणाऱ्या मोहतमिमा अजीजुन्निसा बेगम औरंगाबादेहून दौऱ्यावर निघाल्या होत्या. बुधवारी पिंपळगाव. कागदात खाली एक ओळ होती, ती पाटलांनी पटवाऱ्याकडून दोनदा वाचून घेतली: नव्या शाळेची वर्षअखेरची हजेरी तपासणीच्या दिवशी तीस भरली नाही, तर शाळा बंद करून उस्तानीची जागा कमी करावी.

हजेरीवहीत नावं आता वाढून एकतीस झाली होती. पण कापसाची वेचणी चालू होती. चांगल्या दिवशीही तेवीस-चोवीसच्या वर मुली यायच्या नाहीत.

"त्याची फिकीर तुमी करू नका," पाटील म्हणाले. "त्या दिशी मी सोता घरोघर जातो. एकतीसच्या एकतीस बसवतो. पर बाई, येक सांगू का? रागावू नका."

"सांगा की."

"ह्या झोळ्या. बेगमसाहेबा आत आली आन हे बघितलं, तर म्हनंल, ही शाळा हाय का बाळंतिनीची खोली?"

पाटील वाईट हेतूनं बोलले नव्हते. शाळेसाठी त्यांनी जोडे झिजवले होते. पण ते वाक्य बाईंच्या अशा जागी लागलं की रात्रभर त्यांना ट्रंक आणि वळकटी दिसत राहिली. शाळा गेली तर पुन्हा जालना, पुन्हा दिराची चूल. आणि या पोरींना तर तेवढंही नाही; त्यांना पुन्हा पाटीच नाही.

मंगळवारी शाळा सुटताना बाईंनी फर्मान काढलं. "उद्या कुणीही लेकरू आणायचं नाही. डोकं विंचरून, हातपाय धुऊन एकेकटीनं यायचं. एक दिवसाचा प्रश्न आहे. घरात कुणीतरी सांभाळेल."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. खैरुन उठली. अकरा वर्षांची, शांत मुलगी. म्हणाली, "बाई, घरी कुनीच नसतंय."

"एक दिवस, खैरुन."

खैरुन खाली बसली. बाईंना मूल नव्हतं आणि वेचणीला त्या कधी गेल्या नव्हत्या. एक दिवस म्हणजे फार काही नाही, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी तिन्ही झोळ्या सोडल्या, लुगड्यांच्या घड्या केल्या, मातीचे गोळे पोत्यात भरून मागं ठेवले. खडूनं जमिनीवर सरळ ओळी आखल्या. कोठा जालन्याच्या शाळेसारखा दिसायला लागला. त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांना बरं वाटलं.

बुधवारी घंटा झाली तेव्हा त्या ओळींत सात मुली बसल्या होत्या.

बाईंनी पुन्हा मोजल्या. सातच. पाटील घामाघूम होऊन आले. पहाटेपासून त्यांनी घरं पालथी घातली होती. "कोन्हीच आयकंना, बाई. सगळ्या येकच बोलून राहिल्या. पोरगी शाळंत गेली तर लेकरू कोन बघंल, वेचनी सोडून आमी घरी बसावं का? मी दमात घेतलं तर गोजरबाईनं मलाच सुनावलं. म्हनं, तुमच्या बाईनंच लेकरू आनू नको म्हनलं, मंग आमची पोरगी कशी यील?" त्यांनी पटका काढून घाम पुसला. आवाज खाली आणून म्हणाले, "आता येकच. गोवराची साथ आल्ती म्हनायचं. साथीत हाजरीचा नियम लागत न्हाई. पटवारी सांगून गेला. मी बी तेच सांगंल."

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पडदे लावलेली दमणी कोठ्यासमोर थांबली. आधी एक कारकून बाई उतरली, हातात वही. मग अजीजुन्निसा बेगम उतरल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नाकावर चष्मा. पाटील रिवाजाप्रमाणं लांब, लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मुलींनी उठून सलाम केला, निजाम हुजुरांसाठी दुआ म्हटली. सात गळ्यांची दुआ त्या मोठ्या कोठ्यात हरवून गेली. बेगमसाहेबांनी खोली न्याहाळली, ओळी न्याहाळल्या. विचारलं, "बाकी लडकियाँ कहाँ हैं?"

तुळजाबाई म्हणाल्या, "गावात गोवर आहे, बेगमसाहेबा."

बोलताना त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. समोर सात मुली बसल्या होत्या. सातही जणींना गावात गोवर नाही हे माहीत होतं. बाईंनी वर्षभर ज्यांना खरं बोला म्हणून शिकवलं त्या पोरी आता खाली मान घालून खडूच्या रेघा बघत होत्या.

"अच्छा," बेगम म्हणाल्या. "जितनी हैं, उतनी का देखते हैं. इनमें सबसे अच्छा कौन पढती है?"

बाईंना हायसं वाटलं. त्यांनी चतुराला उभं केलं. चतुरानं भावाला शेजारच्या सोनूबाई म्हातारीकडं कसंबसं टाकून हजेरी लावली होती. तिनं पुस्तक उघडलं. तोच धडा तिनं शंभर वेळा वाचला होता.

"गाई... रा... रानात..." चतुरा थांबली. पुन्हा सुरू झाली. "गाई... गाई रानात च... च..." तिचा डावा हात कंबरेपाशी गेला, काही सापडलं नाही म्हणून परत आला. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. शब्द फुटेना. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं.

बाई चकित झाल्या. आजारी आहे की घाबरली? त्या हळूच म्हणाल्या, "चतुरा, काय झालं गं?"

"बाई," चतुरा हुंदका देत म्हणाली, "लेकरू कडंवर नसलं की मला सुधरंना. म्या कदी मोकळ्या हातानं वाचलंच न्हाई."

कोठ्यात शांतता पसरली. जालन्याच्या शाळेत असायची तशीच.

बेगमसाहेबांनी चष्मा काढला. "कौनसा लेकरू?" गावाकडचं मराठीही त्यांना कळत होतं, हे आता कळलं. त्या चतुराशी बोलल्या आणि बघितलं मात्र तुळजाबाईंकडं.

अजूनही वेळ होती. पोर घाबरली आहे, काहीतरी बरळते आहे, असं म्हणता आलं असतं. लिंबाखालून पाटील मान हलवून खुणावत होते. तुळजाबाईंनी चतुराकडं बघितलं. पोरीनं सगळ्यांसमोर, पाणीभरल्या डोळ्यांनी, खरं सांगून टाकलं होतं; आणि तिची बाई खोटं बोलून तिच्या शेजारी उभी होती. इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"गोवर नाही, बेगमसाहेबा," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. माझ्या मुली लेकरं घेऊन येतात. काल मी सांगितलं, लेकरं आणू नका. म्हणून त्याही आल्या नाहीत. मला वाटलं, तुम्ही बघाल आणि हसाल."

बेगमसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवला. मग दमणीकडं बघून म्हणाल्या, "बैलों को पानी पिलाना है. उनको जितना वक्त लगे, उतना आपका."

तुळजाबाई सातही मुलींकडं वळल्या. "पळा. घरोघर सांगा, बाईंची चूक झाली. लेकरांसकट या म्हणावं. जशा असाल तशा या."

पोरी अशा सुटल्या की दारात दोघी आपटल्या. बाईंनी लुगड्यांच्या घड्या मोडल्या. तुळईपर्यंत हात पुरेना, तेव्हा कारकून बाईनं वही खाली ठेवून स्टूल धरलं. बैल पाणी प्याले. गाडीवानानं त्यांना दुसऱ्यांदा हौदावर नेलं; पाटलांनी त्याला पान खायला घातलं होतं, असं मागाहून कळलं. तोवर गल्लीतून पहिली आली, गोजरबाईची पोर, कडेवर भाऊ, हातात पाटी. मग दोघी, मग चौघी. कुणाचे केस विंचरलेले नव्हते. एकीच्या हाताला कणीक होती. खैरुन धापा टाकत आली, तिच्या कडेवरचं पोर रडून रडून लाल झालं होतं. चतुरा भावाला घेऊन आली.

मोठ्या मोजल्या. तेवीस. बाईंनी मनात हिशेब केला आणि तो तिथंच सोडून दिला. तीस काही झाले नव्हते आणि आता होणारही नव्हते. ओळी केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. तिन्ही झोळ्या भरल्या, रांगणारी भिंतीकडं गेली, दातवाली खिडकीशी.

"आप पढाइये," बेगम म्हणाल्या. "मैं यहाँ नहीं हूँ, ऐसा समझिये."

बाईंनी फळ्याकडं तोंड केलं आणि शिकवायला सुरुवात केली. शाळा जाणारच होती, म्हणून त्या दिवशी त्यांनी कुणासाठी म्हणून शिकवलं नाही. रोज शिकवत तसं शिकवलं. झोळीपाशी एकीनं तेराचा पाढा धरला. मातीचे गोळे जमिनीवर गडगडले. चतुरा उभी राहिली, भावाला डाव्या कडेवर घेतलं, हलकेच डुलायला लागली आणि वाचायला लागली. गाई रानात चरतात, संध्याकाळी घरी येतात, वासरं हंबरतात. कुठंही न अडखळता, पान उलटून पुढचं पानसुद्धा. मागं बेगमसाहेबा वाकून प्रत्येकीशी काहीतरी हळू बोलत होत्या आणि कारकून बाई लिहीत होती. काय बोलत होत्या, ते फळ्यापाशी ऐकू येत नव्हतं. बाईंनीही वळून पाहिलं नाही.

तासाभरानं बेगमसाहेबा उठल्या. तपासणीच्या वहीत त्यांनी उर्दूत पान भरून लिहिलं, सही केली, वही मिटून बाईंच्या हातात दिली. "हुक्म इसमें लिखा है," एवढंच म्हणाल्या. दारात थोडं थांबून त्यांनी एका झोळीला बोटानं झोका दिला आणि त्या दमणीत चढल्या.

तुळजाबाईंनी वही उघडली. अक्षर सुरेख होतं आणि त्यांना त्यातलं एकही येत नव्हतं. त्या मराठीच्या उस्तानी. उर्दू शिकवायला दुसरी नेमणूक होणार होती, ती अजून झालीच नव्हती. पाटील धावत आले, वही उलटी-सुलटी करून बघितली. त्यांना फक्त मोडी वाचता यायची. पटवारी सकाळीच घनसावंगीला गेला होता, तो संध्याकाळपर्यंत यायचा नव्हता. शाळा आहे की गेली, हे हातात होतं आणि कळत नव्हतं.

"बाई," खैरुन म्हणाली, "मी वाचू? दादाअब्बा रानातून आले की मला रोज थोडं थोडं शिकवतेत. जल्दी न्हाई येत. बराबर लावून लावून वाचंल."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. मग जागा करून दिली, वही तिच्यासमोर ठेवली. खैरुनच्या कडेवरचं पोर वहीवर झेप घेत होतं. बाई म्हणाल्या, "दे इकडं." वर्षभरात त्यांनी एकही लेकरू उचललं नव्हतं. धरायचं कसं, हे त्यांना नीट माहीत नव्हतं. पोरानं स्वतःच त्यांच्या पदराला मूठ घातली आणि जागा करून घेतली.

"घाई करू नकोस," बाई म्हणाल्या. "अडलं तर थांब. मागून पुन्हा सुरू कर."

खैरुननं ओळीवर बोट ठेवलं. पोरी भोवती गोळा झाल्या. "मद... मदरसा... निस्वाँ. म्हंजे पोरींची शाळा. हा... हाजिरी..." ती थांबली. "चौंतीस."

"तेवीस असेल. नीट बघ."

"न्हाई बाई. तीन आन चार. चौतीसच लिवलंय." बोट पुढं सरकलं. "तेईस... बडे. ग्यारह... छोटे. सब मौजूद." ती घोटाळून वर बघायला लागली. "मदरसा... जारी... रहे."

"म्हंजे?" पाटलांनी विचारलं, जरी त्यांना कळलं होतं.

"शाळा चालू ऱ्हावी."

पाटील मटकन खाली बसले. पोरींनी एकच गिल्ला केला आणि झोळीतली तिन्ही लेकरं एकदम जागी झाली. तुळजाबाईंचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाई, आजून हाय," खैरुन म्हणाली. "खाली नावं लिवलीत." ती वाचत गेली. आधी तेवीस मुलींची नावं, एकेक अक्षर लावून; ज्या मुलीचं नाव यायचं ती लाजून मागं सरायची. मग एक रेघ होती. रेघेखाली अकरा नावं. खैरुनचं बोट पहिल्या नावावर आलं. "ब... शी... बशीर." ती थांबली. पुन्हा बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाई! ह्यो तर आमचा बशीर! सरकारच्या वहीत!"

वर्षभर ते पोर रोज त्या कोठ्यात आलं होतं. बाई त्याला खैरुनचं रडकं म्हणायच्या. त्यांनी पदराला लोंबकळणाऱ्या त्या मुठीकडं बघितलं, मग त्या लाल, ओल्या तोंडाकडं.

"बशीर," त्या म्हणाल्या. पोरानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.